इथलं इथंच राहील

फॉर्मवर सही होती. निळ्या बॉलपेनची, जराशी तिरकी, खाली तारीख. तिसऱ्या ओळीत छापलेलं होतं : 'गोपनीयतेच्या मर्यादा मला समजावून सांगण्यात आल्या आहेत.' प्रकरण या ओळीपासूनच लिहायला हवं. ही ओळ खोटी होती आणि तो फॉर्म मी तयार केलेला होता.

मी सोलापुरात एम.ए. मानसशास्त्राच्या समुपदेशन शाखेच्या मुलांना 'कायदा आणि नीतिमत्ता' हा पेपर शिकवते. दुसऱ्या वर्षाची मुलं आठवड्यातून दोन दिवस एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयात बसतात, तिथल्या मुलामुलींशी बोलतात आणि शनिवारी माझ्यापुढे वही उघडतात. त्यांतल्या एकीला आपण 'स' म्हणू, तिच्याकडे आलेल्या मुलीला 'र'. दोघींची ओळख लागेल असे तपशील मी बदललेत. कायद्याच्या दृष्टीने ज्यावर सगळं अवलंबून आहे, ते तसंच ठेवलंय.

र बारावीची. पूर्व भागात घर. घरात तेलुगू, कॉलेजात मराठी. वडील भिवंडीला लूमवर, आई इथे बिड्या वळणारी. वर्गशिक्षिकेनं 'लक्ष नसतं, पहिल्यासारखी राहिली नाही' असं सांगून तिला पाठवलं होतं. पहिल्या भेटीत स नं फॉर्म वाचून दाखवला. किती वेळ लागला, असं मी नंतर विचारलं तेव्हा तिनं खरं सांगितलं : "चाळीस सेकंद असतील, मॅडम." दुसऱ्या भेटीला र आलीच नाही. स नं वहीत लिहिलं, 'क्लायंटचा प्रतिकार'. प्रतिकार वगैरे काही नव्हता, त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. चार-पाच दिवसांनी येणाऱ्या पाण्यापुढे सोलापुरात कुणाचीच वेळ टिकत नाही. त्या शनिवारी आम्ही यावर हसलो होतो. पुढचा शनिवार वेगळा गेला.

तिसरी भेट. खोली म्हणजे क्रीडासाहित्याच्या कोठीला लागून असलेली जागा : दोन खुर्च्या, भिंतीला उभा करून ठेवलेला कॅरम बोर्ड, दाराला कडी नाही. र बराच वेळ त्या कॅरमकडे बघत बसली आणि मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?"

स म्हणाली, "नाही गं. इथलं इथंच राहील."

मग र बोलली. जानेवारीत गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, एका मुलाशी ओळख झाली. तो वीस वर्षांचा, टॉवेलच्या कारखान्यात कामाला. आधी फोन, नंतर भेटी, नंतर शरीरसंबंध. जबरदस्ती नव्हती, हे तिनं न विचारताच सांगितलं. तिची भीती निराळीच होती. आईनं सोयरीक बघायला घेतली होती, रविवारी पाहुणे येणार होते. "मला काय की होतंय मॅडम, झोपच येईना झालीय." स घाबरली, आणि त्या घाबरण्यातून तिनं एक प्रश्न विचारला : "किती वेळा?"

"दोनदा."

स नं ते लिहून घेतलं. मुलाचं नाव, कारखाना, जागा, 'दोनदा'. चार पानं भरली.

संध्याकाळी साडेसातला मला फोन आला. पहिलंच वाक्य : "मॅडम, ती अठराची नाहीये."

ज्यांनी हा कायदा फक्त ऐकलाय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात, अठराखालची प्रत्येक व्यक्ती 'बालक' आहे आणि बालकाच्या संमतीला अर्थ नाही. कलम १९ म्हणतं की, असा गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या किंवा घडण्याची धास्ती वाटणाऱ्या कुणीही विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलंच पाहिजे. 'कुणीही' म्हणजे डॉक्टर, शिक्षक, शेजारी, समुपदेशक, शिकाऊ समुपदेशकसुद्धा. न कळवणाऱ्याला कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. वकील आणि अशिलातल्या बोलण्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ चं संरक्षण आहे, समुपदेशकाला तसलं काहीच नाही. हे सगळं स ला पाठ होतं. अंतर्गत परीक्षेत तिनं यावर उत्तम उत्तर लिहिलेलं होतं.

त्या रात्री फोनवर तिनं जे धरून ठेवायचा प्रयत्न केला ते माणसासारखं होतं. म्हणाली, "पण मॅडम, आधार कार्डवर तिचं वय अठरा पूर्ण आहे. तिनंच दाखवलं." कॉलेजच्या रजिस्टरात मात्र सतरा वर्षं दोन महिने. आमच्या पिढीत पोराला शाळेत घालताना गुरुजी '१ जून' लिहून मोकळे व्हायचे, तेव्हा जन्मतारखेवर माझा फारसा विश्वास नाही. पण कायद्याचा क्रम ठरलेला आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ मध्ये आधी शाळेचा दाखला किंवा परीक्षा मंडळाचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिकेचा वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तेही नसेल तरच हाडांची तपासणी. आधार त्यात कुठेच नाही. पॉक्सोच्या खटल्यातही वय याच क्रमानं ठरवायचं, हे सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२३ मध्ये सांगितलंय. आणि महत्त्वाचं म्हणजे वय ठरवणं समुपदेशकाचं काम नाही. त्यासाठी न्यायालय आहे.

आता त्या प्रश्नाबद्दल. हे प्रकरण मी दर वर्षी वर्गात मांडते ते 'किती वेळा' या दोन शब्दांसाठी.

कायद्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलीशी संबंधासाठी कलम ४ खाली किमान शिक्षा दहा वर्षांची आहे, २०१९ च्या दुरुस्तीनंतरची. पण तोच संबंध एकापेक्षा जास्त वेळा आला की कलम ५ चा (ल) खंड लागू होतो, गुन्हा 'गंभीर स्वरूपाचा' होतो आणि कलम ६ खाली किमान शिक्षा वीस वर्षं. म्हणजे त्या कोठीशेजारच्या खोलीत स नं ज्या प्रश्नानं स्वतःची धास्ती हलकी केली, त्याच्या उत्तरावर कायद्याच्या पुस्तकात दहा वर्षं वाढतात. र च्या झोपेशी त्या प्रश्नाचा काय संबंध होता? काहीच नाही. झोप उडाली होती रविवारच्या पाहुण्यांनी. तो पोलिसांचा प्रश्न होता. पोलिसांनी तो विचारला असता, तर महिला अधिकाऱ्यापुढे, कायद्यानं ठरवून दिलेल्या पद्धतीनं विचारला असता. समुपदेशकानं विचारला आणि त्याला 'संवाद' असं नाव मिळालं.

मी यातून असं शिकवत नाही की कमी विचारा म्हणजे कमी कळेल. ती वाट वर्गातल्या हुशार मुलांना लगेच सुचते, तिच्याकडे पुढे येते. उपचाराला जे लागतं ते विचारावं, बाकी पुरावा गोळा करणाऱ्यांवर सोडावं, एवढंच माझं म्हणणं. मुलगी सुरक्षित आहे का, कुणी धमकावतंय का, जीवाचं काही मनात येतंय का, गरोदरपणाची शंका आहे का, हे विचारायचंच. जागा, तारखा, संख्या नाही.

रात्री आम्ही एवढंच ठरवलं : कळवायचं आहे, त्यावर चर्चा नाही, पण र ला कळायच्या आधी पोलिसांना कळणार नाही. कलम १९ मध्ये तासांची मुदत लिहिलेली नाही. म्हणून आठवडाभर विचार करत बसायचं असं नव्हे. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या एका वसतिगृहातल्या प्रकरणात कळवण्यात कसूर केल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा गुन्हा उच्च न्यायालयानं रद्द केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि माहिती असून गप्प बसणं हा गंभीर गुन्हा असल्याचं बजावलं. आमच्या हातात एक सकाळ होती. ती आम्ही वापरली.

सकाळी नऊला मी स बरोबर त्या खोलीत बसले. र आली, मला बघूनच तिचा चेहरा बदलला. स नं सांगायला सुरुवात केली, अडखळत, पण कलमं न उच्चारता. र नं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली :

"मग तुम्ही आधीच सांगायचं ना मॅडम. मी बोललेच नसते."

कायदा समजावून सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. स म्हणाली, "हो. मी तुला शब्द दिला तो द्यायला नको होता. माझं चुकलं." दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात तिनं उच्चारलेलं सगळ्यात नैतिक वाक्य मला तेच वाटतं, आणि ते कुठल्याही आचारसंहितेत लिहिलेलं नाही.

त्यानंतरचा तास आम्ही पुढे काय होईल ते सांगण्यात घालवला. जबाब घ्यायला शक्यतो महिला अधिकारी येईल, गणवेशात नसेल. घरी किंवा तू म्हणशील तिथे येईल. रात्री तुला ठाण्यात बसवून ठेवता येत नाही. तपासणी महिला डॉक्टरच करेल आणि तुझा विश्वास असलेलं माणूस तिथे थांबू शकेल. नाव पेपरात येणार नाही. बाल कल्याण समिती तुला एक सोबतीचं माणूस देऊ शकते. हे सगळं कायद्यात आहे, कलम २३, २४, २७ आणि २०२० च्या नियमांत. वर्गात मी ते दहा मिनिटांत उरकायची. त्या दिवशी प्रत्येक वाक्याला र चा एकेक प्रश्न होता. शेवटचा :

"त्याला धरणार?"

"बहुतेक हो."

स नं इथे 'बघू' म्हटलं नाही. एका आठवड्यात दुसऱ्यांदा खोटं बोलायला ती तयार नव्हती.

आईला कसं सांगायचं हे र नंच ठरवलं. ती स्वतः बाहेर बाकावर बसेल, आम्ही आत सांगायचं. आई आली ती बिड्यांचं काम अर्ध्यावर टाकून, बोटांना तंबाखूचा वास. ऐकल्यावर ती रडली नाही. म्हणाली, "पाहुणे रविवारी येणारेत. सोयरीक मोडली तर तुम्ही येणार का सांगायला?" मग वहीकडे बोट दाखवून, "ते माझ्या पोरीचं आहे ना? द्या इकडं."

मी वही दिली नाही. पोरीच्या जीवाला काय लागतं ते तोंडी सांगितलं, पानं दाखवली नाहीत. सतरा वर्षांच्या मुलीचे शब्द आईला ऐकवायचे की नाही, हे त्या मुलीनं ठरवायचं, असं माझं मत होतं आणि आजही आहे. पण आईच्या बाजूनं एक गोष्ट पक्की खरी होती, ती म्हणजे तिच्याकडून परवानगीच घेतलेली नव्हती. कॉलेजच्या प्रवेश अर्जात 'विद्यार्थीहिताच्या सर्व उपक्रमांस संमती' अशी एक ओळ होती, आणि आम्ही तिलाच पालकांची संमती मानून चाललो होतो. नंतर आम्ही नीट समजावून कागद दिला तेव्हा तिनं तो तेलुगूत सही करून परत दिला. मराठी मजकुराखाली ती तेलुगू सही बघून मला पहिल्या फॉर्मची चाळीस सेकंदं आठवली. 'गोपनीयतेच्या मर्यादा' हे शब्द या घरात कोण बोलतं?

पोलिसांत लेखी कळवलं. नोंदीचा क्रमांक घेतला, काय लिहून घेतलंय ते वाचून दाखवायला सांगितलं. तो कळवणाऱ्याचा हक्क आहे. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही, हेही कलम १९ मध्येच आहे. मुलाला अटक झाली. पुढचं न्यायालयात आहे, त्यावर मी लिहिणार नाही. र पुन्हा स कडे आली नाही. दुसऱ्या एका समुपदेशक बाईंकडे तिला जोडून दिलं, तिथे ती चार वेळा गेली.

महिन्याभरानं, तपशील आणखी बदलून, स च्या परवानगीनं हे प्रकरण मी वर्गात मांडलं. एकानं सुचवलं, "ते पान फाडायचं ना. वही काय सरकारी आहे?" पुरावा नाहीसा करण्याला भारतीय न्याय संहितेत कलम २३८ आहे, आणि न्यायालयात हजर करावा लागेल असा कागद नष्ट करण्याला कलम २४१. शिवाय वही मागवून घ्यायचा अधिकार पोलिसांना आणि न्यायालयाला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली आहेच. वही फाडता येत नाही, म्हणून ती भरतानाच विचार करायचा. मुलीचे शब्द जसेच्या तसे, थोडे, अवतरणात. आपले अंदाज नकोत. 'प्रतिकार' तर नकोच.

दुसरी म्हणाली, "आईला सांगितलं की झालं ना? ती ठरवेल." नाही. पालकांना सांगणं म्हणजे कळवणं नव्हे, कायद्यात फक्त पोलीस आहेत. तिसरा म्हणाला, "प्राचार्यांना लेखी द्यायचं, संस्थाप्रमुखाला न कळवल्यास एक वर्ष आहे." हा गैरसमज मी शिक्षकांच्या प्रशिक्षणातही ऐकते. ते एक वर्ष संस्थाप्रमुखाच्या हाताखालच्या माणसानं गुन्हा केला असेल तेव्हाचं आहे. इथला मुलगा कारखान्यातला, कॉलेजातला नव्हे. प्राचार्यांना सांगावं, जरूर सांगावं, पण त्यानं आपली जबाबदारी सरकत नाही. र ची जी मैत्रीण हे सगळं आधीपासून जाणत होती, तिचं काय, असाही प्रश्न आला. न कळवण्याची शिक्षा बालकाला लागू नाही. ती सतराची होती, सुटली.

आणि मग ती हुशार वाट. मागच्या बाकावरून : "मॅडम, मुलगी तिकडे वळायला लागली की विषय बदलायचा. आपल्याला माहितीच झाली नाही तर कळवायचं काय?" वर्गात चार-पाच माना हलल्या. मी त्यांना रागावले नाही, कारण शहाणीसुरती माणसं हेच करतात. पण कलम १९ मध्ये 'माहिती'बरोबर 'धास्ती'ही आहे. विषय बदलावासा वाटला, याचा अर्थ धास्ती वाटली. आणि दुसरं, जिला खरंच कुणी छळतंय ती मुलगीही नेमकी तिकडेच वळायला लागते आणि आपण विषय बदलतो. राजीखुशीनं भेटणाऱ्या एका जोडीला वाचवायला काढलेली ही पळवाट दहा मुलींना परत घरी पाठवते.

कायदाच मुळात बरोबर आहे का, हा प्रश्न उरतो, आणि तो मी दाबत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये विधी आयोगानं आपल्या २८३ व्या अहवालात संमतीचं वय अठराच ठेवावं, पण सोळा ते अठराच्या प्रकरणांत शिक्षा ठरवताना न्यायालयाला मोकळीक असावी अशी शिफारस केली. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचं नाव पोलिसांना न सांगण्याची मुभा डॉक्टरांना दिली, राजीखुशीच्या संबंधांचाच विचार करून. ती फक्त नोंदणीकृत डॉक्टरांना आणि फक्त त्या कामापुरती. समुपदेशकाला नाही. मे २०२५ मध्ये पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयानं दोषी ठरलेल्या तरुणाला शिक्षाच दिली नाही. त्या मुलीला घटनेपेक्षा नंतरच्या कायदेशीर प्रक्रियेचाच जास्त त्रास झाला, हे न्यायालयानं विचारात घेतलं. हे वाचून दाखवलं तेव्हा स उठून बाहेर गेली. मी तिला थांबवलं नाही.

माझ्या शिकवण्यातली चूक वेगळी सांगायला हवी. मी गोपनीयता शिकवायची ती कॅलिफोर्नियाच्या तारासॉफ खटल्यानं : बर्कलीतल्या एका मुलीचा १९६९ चा खून, १९७६ चा निकाल, धोक्यात असलेल्या माणसाचं रक्षण करण्याचं थेरपिस्टचं कर्तव्य. मुलांना ते आवडतं, सिनेमासारखं आहे. परीक्षेत सहा-सहा पानं लिहितात. बर्कलीच्या मुलीचं काय झालं हे ज्यांना तारखेसह सांगता येतं, त्यांना इथल्या मुलीला 'हे मी कुणाला सांगणार नाही, पण' एवढं वाक्य नीट पुरं करता येत नव्हतं.

तारासॉफ आता शेवटच्या आठवड्यात आहे. पहिल्या महिन्यात फॉर्म बाजूला ठेवून तोंडी परीक्षा. समोर बारावीची मुलगी आहे असं समजून तीन मिनिटं बोलायचं, सहीचा कागद त्यानंतर. गेल्या खेपेला वर्गानं मिळून बसवलेलं बोलणं साधारण असं होतं : "तू जे सांगशील ते मी घरी, वर्गात, मैत्रिणीला सांगणार नाही. तीन गोष्टींत मात्र मला गप्प बसता येत नाही. तुला स्वतःला संपवावंसं वाटत असेल तर. तू कुणाला इजा करणार असशील तर. आणि अठराच्या आतल्या कुणाशी कुणी शरीराचं काही केलं असेल, त्याच्या मर्जीनं असो की नसो, तर मला पोलिसांना सांगावंच लागतं. सांगण्याआधी मी तुला सांगेन. आता तूच ठरव, काय बोलायचं आणि काय नाही. माझं कळलं का ते तुझ्या शब्दांत सांग बघू." शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त वेळ खातं. एका मुलीनं हेच तेलुगूत करून दाखवलं. 'गोपनीयते'साठी तिला शब्द आठवेना, म्हणून ती सरळ म्हणाली, "एवरिकी चेप्पनु, कानी..." कुणाला सांगणार नाही, पण. तिथेच ती अडली. 'पण'नंतरचं तेलुगूत कसं बोलायचं हे घरी आजीला विचारून येते म्हणाली.

स ची बॅच बाहेर पडली. पुढच्या सत्रात त्याच खोलीत दुसरी प्रशिक्षणार्थी बसली. कॅरम तिथेच, दाराला आता कडी. तिनं वहीत लिहिलेली एक नोंद माझ्याकडे आहे. अकरावीची मुलगी आली, तिन्ही गोष्टी ऐकल्या, "मग नको" म्हणाली आणि दप्तर उचलून गेली. आठ दिवसांनी परत आली, खुर्चीत बसली.

"ते तिसरं परत एकदा सांगा."